पायाळूची कंबर

मी आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आले. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कर्तृत्व, आणि त्याच्या जोरावर मी पुढची चाळीस-पन्नास वर्षं मिरवून घेतलं. अशा माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूवर वीज पडते असा समज आहे, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला भाताच्या कणगीमागे बसवायची. आणि पायाळूच्या पायाला गुण असतो असाही समज आहे. कुणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक आली, की पायाळूने तिथे पाय लावायचा. उसण उतरते.

लग्न होऊन मी अलिबागजवळच्या या गावात आले. समुद्र इथून दिसत नाही, वारा फिरला की फक्त वास येतो. पावसात भात, आणि भात कापलं की त्याच जमिनीत पांढरा कांदा. भात लावायचं वाकून, कापायचं वाकून. कांद्याचं रोप लावायचं वाकून आणि उपटायचा तोही वाकूनच. तेव्हा गावात कंबरांना तोटा नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात पाणवठ्यावर सांगून टाकलं, "आमची सून पायाळू हाय." झालं, लोक यायला लागले.

त्याची एक रीत होती. सकाळी चूळ भरायच्या आधी यायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. दुखणेकऱ्याने आमच्या उंबऱ्यावर पोट टेकून पालथं पडायचं. मी उजवा पाय त्याच्या कंबरेवर तीन वेळा ठेवायचा, तिसऱ्या वेळी जरा जोर लावायचा. बदल्यात काही घ्यायचं नाही. घेतलं तर पायातला गुण जातो.

माझ्यातली तेव्हाची ती शहाणी आठवली की आज मला हसू येतं, आणि मग लगेच येत नाही. आदल्या संध्याकाळी ती वजरीने टाचा घासून ठेवायची, पाय लावून घेणाऱ्याला भेगा टोचू नयेत म्हणून. पाय ठेवताना आढ्याकडे बघायची, म्हणजे चेहरा गंभीर दिसतो. गावातल्या भल्याभल्यांना तिने लाथ घातली. शाळेच्या मास्तरांना घातली. खुद्द सासऱ्यांना घातली, आणि ते उठून म्हणाले, "उतरली गो." सासऱ्याला लाथ मारून शाबासकी घेणारी सून पंचक्रोशीत मी एकटीच असेन. दर वेळी माणूस उठायचा, कंबर हलवून बघायचा आणि म्हणायचा, बरं वाटतंय. तिला ते खरं वाटायचं. तिला का खरं वाटू नये?

मग माझी धाकटी जाऊ आली. दिराची बायको, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. अंगाने काटक, कामाला चपळ, आणि कांद्याच्या माळा अशा विणायची की माझी माळ तिच्या शेजारी टांगायला मला लाज वाटे. सुकलेल्या पातीला पीळ घालत एकेक कांदा गुंफत जायचा असतो. माझ्या माळेत कांदे एकमेकांकडे पाठ फिरवून बसायचे, तिच्या माळेत पंगतीला बसल्यासारखे. मला ती आवडायची आणि थोडी खुपायचीही.

लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा तिची पाठ दुखायला लागली. कंबरेच्या जरा वर, मधोमध. मी म्हटलं, "उसण हाय. सकाळी ये उंबऱ्यात."

ती आली. मी पाय लावला. ती उठली आणि म्हणाली, "बरं वाटतंय, वयनी."

चार दिवसांनी परत दुखलं, परत आली. असं करत करत रोजचंच झालं. तिला बारीक ताप यायचा, ती वाळत चालली होती. आम्ही म्हटलं, कांद्याच्या दिवसांत कोण वाळत नाही? दीर एकदा म्हणाला, "हिला अलिबागला दाखवून आणतो, फोटो काढायला सांगतात पाठीचा." त्यावर ती शहाणी काय म्हणाली, ते मी इथे लिहून ठेवते, कारण आजवर कुठे बोललेले नाही. ती म्हणाली, "तिला माझ्या पायाने गुण येतोय. तीच सांगते. अमावास्येपर्यंत थांबा." दिराने जाऊकडे पाहिलं. जाऊ खाली बघून म्हणाली, "व्हय, येतोय गुण."

अमावास्या झाली. मग पुढचीही झाली. एके सकाळी मी तिसऱ्यांदा पाय दाबला, ती उठायला गेली आणि तिच्याने उठवेना. पाय तिचेच होते, पण तिचं ऐकत नव्हते.

मणक्याचा क्षय होता. मणका आतून पोखरला गेला होता आणि मधल्या नसांवर दाब आला होता. इस्पितळात डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, वर्ष-दीड वर्ष गोळ्या दिल्या. क्षय गेला. पाय आले नाहीत. ती तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होती.

तिला घरी आणलं त्या दिवसापासून आजपर्यंत ती आमच्या ओटीवर आहे. दिराने तिच्यासाठी बुटकी खाट करून घेतली, तिला हातांवर उतरता यावं म्हणून. पुढे खाली लोखंडी चाकं लावलेला एक पाट केला. त्यावर बसून, हातांनी जमीन ढकलत ती घरभर फिरते. पोरबाळ झालं नाही. माझा मुलगा तिच्याच मांडीवर वाढला, तो तिला आई म्हणतो आणि मला अजूनही 'अगं ए'. दीर गेला, आमचे हेही गेले. उरलो आम्ही दोघी, मुलगा आणि सून.

आता सर्वांत लाजेची गोष्ट. जाऊ आजारी पडल्यावर मी पाय लावणं बंद केलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. वर्षभर केलं. मग कोणीतरी आलं, उंबऱ्यात पडलं. ओटीवरून जाऊ बघत होती. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर त्याचा अर्थ काय होईल? मग जे झालं ते माझ्या पायाने झालं, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. म्हणून मी पाय लावला. पुढेही लावत राहिले, तिच्या डोळ्यांदेखत, कितीतरी वर्षं. तिने एक अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. एका घरात, एका चुलीवर तीसेक वर्षं राहून आम्ही दोघींनी तो एक विषय तेवढा टाळला.

चारेक वर्षांपूर्वी माझीच कंबर धरली.

सुरुवातीला नुसती कंबर. मग उजव्या कुल्ह्यातून कळ निघून मांडीच्या मागून पोटरीत उतरायला लागली. चालायला लागलं की पन्नास-साठ पावलांवर पाय जड व्हायचा, मुंग्या यायच्या. खाली वाकलं की जरा बरं वाटायचं. म्हणून मी रस्त्याने जाताना मध्येच वाकायची आणि काहीतरी उचलल्यासारखं करायची. काटकी, खडा, काहीही. लोकांना वाटलं असेल म्हातारी गाव झाडायला निघाली आहे. सायकल ढकलत नेली तर लांब चालता यायचं, कारण तिच्यावर वाकता येतं. मला सायकल चालवता येत नाही. तरी मी मुलाची जुनी सायकल ढकलत बाजाराला जायची आणि ढकलतच परत यायची.

सांगितलं कुणालाच नाही. पहिलं कारण, हसतील. पायाळूची कंबर दुखते म्हणजे अंगारा देणाऱ्यालाच भूत लागल्यासारखं. पण खरं कारण ओटीवर बसून कांद्याच्या माळा विणत होतं. जिला कंबरेखाली आपलं अंग आहे की नाही ते समजत नाही, तिच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणू की माझी कंबर दुखते? दुखतं म्हणजे निदान आहे तरी. म्हणून मी बाम लावायला गोठ्यात जायची. घरात लावला असता तर तिला वास आला असता. गाय एवढी वैतागली की मी आले की तोंड फिरवायची. पाठीचा पट्टा आणला, तो परकराच्या आत बांधायची. बसताना कण्हायला यायचं ते खोकल्यात घालवायची. तीन वर्षं हे नाटक चाललं, आणि प्रेक्षकांत कोणीच नाही असं मी समजत होते.

एक दिवस मी बाजारातून आले. जाऊ खाटेवर आडवी होती. बुटक्या खाटेवरून तिला येणाऱ्याचे पाय आधी दिसतात, तोंड मागाहून.

"वयनी, एक चप्पल कुठं?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा अनवाणी. कुठे निसटली, कधी निसटली, मला पत्ता नव्हता. टाचेला खडी रुतून रक्त आलं होतं, तेही मला समजलं नव्हतं.

"पडली असंल रस्त्यात," मी म्हटलं.

"पडली ती पडली. तुला कळली कशी न्हाय?"

मी काहीतरी पुटपुटत आत जायला लागले. ती मागून म्हणाली, "इकडं ये. बस."

मी बसले. तिने हातांवर रेटून उठत माझा उजवा पाय मांडीवर ओढून घेतला. म्हणजे तिच्या मांडीला तो समजला नसेल, पण हातांना समजला. मग तळव्याशी नख नेलं.

"लागतंय?"

"व्हय."

"खोटं बोलतंस. अजून मी ओरबाडलंच न्हाय."

तिने खरंच नख लावलं नव्हतं की ती मला नुसती फसवत होती, ते मला आजही माहीत नाही. पण मी पकडले गेले. तिने तिथूनच मुलाला हाक मारली. "हिला डाक्टरकडं ने. आज. उद्या न्हाय." मुलगा म्हणाला, "काय झालं तिला?" ती म्हणाली, "तीन वर्सं गोठ्यात बाम लावते. गायीला इचार."

अलिबागच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तो बघून म्हणाले, याने भागणार नाही, एमआरआय करा. त्यासाठी पनवेलला गेलो. त्या नळकांड्यात घालताना तिथल्या मुलीने बजावलं, "आजी, हलायचं नाही हं." मी म्हटलं, "हलता येत असतं तर इथे आले असते का?" ती हसली आणि मला आत ढकलून दिलं. आत कोणीतरी पत्रे ठोकत असल्यासारखा आवाज. डोळे मिटून मी पडून राहिले. मला आठवलं, उंबऱ्यावर पडलेले ते सगळे लोक असेच गप्प पडायचे.

मग सर्जन. मुंबईत होते, मांडव्याहून बोटीने गेलो. तरुण माणूस, माझ्या मुलाहून लहान. त्याने मला टाचांवर चालायला सांगितलं. डावी टाच चालली, उजव्या पायाचा चवडा जमिनीवर फटकन पडला. मग मला पलंगावर निजवून म्हणाला, "अंगठा वर करा." मी केला.

"करा ना आजी."

"केला की."

त्याने मुलाकडे पाहिलं. मी मान उचलून पाहिलं. अंगठा आहे तिथेच होता. मग त्याने खिशातून चावी काढली आणि तिच्या टोकाने तळव्यावर रेघ ओढली. मला ती चावी दिसली, रेघ समजली नाही. अशीच चावी मी पूर्वी पाहिली होती, अशाच एका तळव्यावर. तेव्हा मी जाऊच्या पलंगाशेजारी उभी होते.

तो म्हणाला, कंबरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय, नसांची वाट अरुंद झाली आहे, त्यात चकती बाहेर येऊन उजव्या पायाची नस दाबली गेली आहे. ऑपरेशन करू, वाट मोकळी करू, मणक्यांना स्क्रू घालू. कळ जाईल. "पण पायाची ताकद आणि संवेदना किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही. नस फार दिवस दबलेली आहे. तुम्ही उशीर केलात."

उशीर हा शब्द त्याने साधाच वापरला. गाडीला होतो तसा.

मुलगा कागद करायला बाहेर गेला. मी तशीच बसून राहिले. सर्जनला वाटलं, मी ऑपरेशनला घाबरले आहे. तो म्हणाला, "काही विचारायचंय का आजी?"

तीस वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते मी त्या पोराला विचारलं. म्हटलं, एका बाईच्या मणक्यात क्षय होता. ते कुणाला माहीत नव्हतं. एक पायाळू तिच्या कंबरेवर रोज पाय दाबायची. त्याने तिचे पाय गेले असतील का?

त्याला पायाळू म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही. मग जरा विचार करून म्हणाला, "दाबायला नको होतं. पण नुसत्या पायाने झालं असेल असं मला वाटत नाही. त्या आजारात मणका तसाही झिजत जातो. लवकर औषध सुरू झालं असतं तर बहुतेक वेळा पाय वाचतात." थोडं थांबून त्याने विचारलं, "त्यांना दाखवायला किती दिवस लागले?"

मी म्हटलं, "दोन अमावास्या."

त्याने माझ्या कागदावर ऑपरेशनची तारीख लिहिली.

तिचे पाय माझ्या पायाने नाही, माझ्या तोंडाने गेले. परतीच्या बोटीवर मी खुर्चीत पुढे वाकून बसले होते, कारण ताठ बसवत नव्हतं, आणि मनात तेवढंच चालू होतं. पायाचं मी दैवावर ढकलू शकत होते. मी पायाळू जन्मले त्यात माझा काय दोष? पण अमावास्येपर्यंत थांबा, हे दैव बोललं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनी होती. त्याआधी तिला सांगायचं, असं मी ठरवलं. भूल दिल्यावर माणूस उठतोच असं नाही, आणि हे मागे ठेवून जायचं नव्हतं. तरी आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी ती ओटीवर माळ विणत होती. मी समोर भिंतीला टेकून तिला कांदे देत होते. म्हटलं, "डाक्टरला मी तुझं विचारलं."

"माझं काय?"

मी सांगितलं. सर्जन काय म्हणाला ते, आणि दीर तुला अलिबागला नेत होता तेव्हा मी त्याला थांबवलं ते. माझा आवाज फुटला की नाही मला आठवत नाही. ती पातीला पीळ घालत होती, तिने हात थांबवला नाही.

"मी तिथंच व्हते ना तवा," ती म्हणाली. "मला काय नवीन सांगतंस?"

"मी अडवलं नसतं तर—"

"तू कुठं अडवलंस? मी म्हटलं गुण येतोय, म्हणून तू म्हटलंस थांबा." तिने पुढचा कांदा मागितला, मी दिला. "मला कधीच गुण आला न्हाय, वयनी. एक दिवस न्हाय. तू पाय दाबायचीस तवा डोळ्यांपुढं काजवे यायचे."

"मग बरं वाटतंय का म्हणायचीस?"

ती पहिल्यांदा थांबली. "तू थोरली. सासूच्या पुढ्यात तू एवढ्या अभिमानानं पाय धुवून यायचीस. आनि मी म्हनू, काय फरक न्हाय? तुला वाईट वाटलं असतं."

बाहेर कोणाची तरी गाडी थांबली, माळांचा भाव विचारून गेली.

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा म्हणेल, जाऊ दे. त्यांतलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. आणि मला काय झालं म्हणाल, तर राग आला. हो, राग. तीस वर्षं मी जे ओझं एकटीने वाहिलं म्हणून स्वतःवरच माया करत होते, त्याचं दुसरं टोक तिच्या खांद्यावर होतं, आणि तिने मला सांगितलं नव्हतं. त्यात आणखी एक बारीक काटा. तिला गुण आला नव्हता, तर मग बाकीच्यांचं काय? मास्तर, सासरे, ते सगळे उंबऱ्यात पडून उठलेले लोक? एका अख्ख्या गावाने माझं मन राखलं होतं का? म्हातारपणी एवढ्या मोठ्या दुःखातही त्या शहाणीला आपल्या पायाची पडली होती, बघा. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नाही. तिचं ताट सुनेने नेलं.

निघायच्या सकाळी गाडी अंगणात उभी होती. मी उंबऱ्याशी आले तर ती चाकांच्या पाटावर बसून वाट अडवून होती. तिथेच, जिथे ती पालथी पडायची.

"वाट सोड," मी म्हटलं.

"सोडते. आधी ऐक. डाक्टर इचारतील लागतंय का, समजतंय का. ते दमलेले असतील, पोरगा तोंडाकडं बघत असंल. तू खरं सांगायचं. कुनाला बरं वाटावं म्हनून व्हय म्हनायचं न्हाय. मी म्हटलं तेवढं पुरे झालं."

मग तिने पाट मागे ढकलला.

ऑपरेशनच्या खोलीत भुलेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, झोप लागली की आम्ही तुम्हाला पालथं करणार आहोत. घाबरू नका." मी म्हटलं, "मला माहीत आहे पालथं कसं पडतात." त्यांना वाटलं, भूल चढायला लागली.

शुद्धीवर आले तेव्हा कळ नव्हती. तीन वर्षं जी मांडीत घर करून होती ती कळ. मी पडल्या पडल्या तिला शोधत राहिले, शेजारची भांडखोर बाई अचानक गाव सोडून गेल्यावर तिचा आवाज शोधावा तशी. जखम दुखत होती, पण ते दुखणं परकं होतं. सर्जन आला, पायाशी उभा राहिला, दिवसभराच्या कामाने त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने अंगठ्याला हात लावला.

"समजतंय का आजी?"

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. सकाळपासून तो बाहेर बाकड्यावर बसून होता. होकार माझ्या ओठांवर आला होता, खोटं सांगत नाही. म्हटलं, "नाही."

सर्जन म्हणाला, थांबू या. महिने लागतात. कधी येतं, कधी येत नाही.

रुग्णवाहिका बोटीत चढवून मला घरी आणलं. आडव्या पडलेल्या माणसाला समुद्र दिसत नाही. इंजिनाची थरथर तेवढी लागते, डाव्या पायाला.

याला आता सात महिने झाले. मी चालते. चवडा लोंबू नये म्हणून पायाला प्लास्टिकची पट्टी बांधते आणि पट्ट्याची चप्पल घालते, निसटायची सोय नाही. सायकल मुलाने विकली. वाकायला बंदी आहे, त्यामुळे गाव झाडायचं माझं काम संपलं. मागच्या महिन्यात खालच्या आळीतली एक बाई सकाळी येऊन उंबऱ्यात पडली, न बोलता, रीतीप्रमाणे. रीत मोडून मी बोलले. म्हटलं, "ऊठ, अलिबागला जा, फोटो काढ." ती उठली, तोंड वाकडं करून म्हणाली, "पाय लावला असता तर काय झालं असतं?" ओटीवरून जाऊ म्हणाली, "ये इकडं, सांगते काय झालं असतं." बाई गेली. ती अलिबागला गेली की दुसरा पायाळू शोधायला, ते माहीत नाही.

रोज सकाळी, चूळ भरायच्या आधी, मी जाऊच्या बुटक्या खाटेवर बसते. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलंय की पाय रोज चोळायचा, बोटं हलवायची, नसेला आठवण करून द्यायची. ते काम जाऊने कुणाला दिलं नाही. ती माझा उजवा पाय मांडीवर घेते आणि अंगठ्यापासून सुरुवात करते. तिच्या मांडीला माझ्या पायाचं वजन समजत नाही आणि माझ्या पायाला तिचा हात समजत नाही. कोणी बाहेरून बघितलं तर म्हणेल, या दोघी काय करतायत?

आम्ही त्या दिवसाविषयी पुन्हा बोललेलो नाही. तिने मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ते खरं आहे की माझं मन राखायला, ते मला समजणार नाही. त्यापेक्षा हे बरं.

तिच्या बोटांना आता सांधेदुखी आहे. इतक्या वर्षांच्या माळांनी ती वाकडी झाली आहेत. चोळताना दुखतात, तिच्या श्वासावरून कळतं. अशा वेळी मला वाटतं, एकदा म्हणून टाकावं, समजतंय गो, आलं. तिचा चेहरा उजळेल, तिच्या हातांना सुट्टी मिळेल. फक्त एक शब्द.

आजही तिने नख टेकवलं आणि वर पाहिलं.

"लागतंय?"

"न्हाय."

तिने मान हलवली, पाय मांडीवर जरा पुढे ओढला, आणि नख दोन बोटं वर टेकवलं.